ॲल्युमिनियमचं उत्तर २.६ काहून येऊन राहिलं?

प्रश्न
राम राम मंडळी. मी आर्वीकडचा, एमएस्सीचा प्रोजेक्ट करून राहिलो. ३०० व्होल्टचा इलेक्ट्रॉन झोत ॲल्युमिनियमच्या चकतीवर सोडतो, अन् झोतातल्या एका इलेक्ट्रॉनमागे चकतीतून किती इलेक्ट्रॉन बाहेर पडतात ते मोजतो. चकतीला अधिक ४५ व्होल्ट (नऊच्या पाच बॅटऱ्या) दिले की झोताच्या माऱ्यानं चकतीतून सुटलेले मंद (दुय्यम) इलेक्ट्रॉन परत ओढले जातात, मीटर ५ नॅनोअँपिअर दाखवते, म्हणजे झोत तेवढा. उणे १८ दिले की ते दूर ढकलले जातात, काटा उलटा, उणे ८. म्हणजे ५ आले, ५ अधिक ८ गेले; १ अधिक ८/५, उत्तर २.६. पुस्तकात शुद्ध ॲल्युमिनियमला जवळपास १ दिलंय. चकती पॉलिश पेपरनं घासली, ॲसिटोननं पुसली, जोडणी तीनदा पाहिली. अर्धा तास झोत चालू ठेवला तर २.१ वर येते. त्यात काल लाइन गेली, पंप बंद, पुन्हा पहिल्यापासून!

उत्तर १
व्हॅक्यूम किती? पंप कोणता?

प्रश्नकर्ता
१० चा उणे ५ वा घात, टॉरमध्ये (दाबाचं एकक). डिफ्यूजन पंप, तेलाच्या वाफेवर चालणारा.

उत्तर २
मग मीटरला दोष देऊ नको बाबू. तू ॲल्युमिनियम नाही, त्याचा ऑक्साइड मोजून राहिला. पेपरनं घासून चकती चेंबरमध्ये नेईपर्यंत तो थर पुन्हा तयार होते, अन् ऑक्साइड धातूपेक्षा कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन सोडते. शुद्ध धातू पाहिजे तर चेंबरच्या आतच आर्गन आयनांच्या माऱ्यानं खरवडा लागते, अन् व्हॅक्यूमही लय चांगला लागते. तुझ्या व्हॅक्यूममध्ये सेकंदाच्या आतच वायूचा नवा थर बसू शकते.

२.१ चं कारण पंपाचं तेल. तेलाची वाफ चकतीवर बसते, झोतानं फुटून कार्बन होते, अन् कार्बन कमी इलेक्ट्रॉन सोडते. त्याला सफाई समजू नको! चकती काढून उजेडात तिरपी धरून पाय.

अजून एक. अधिक ४५ वर दुय्यम परततात, पण मागे उसळलेले वेगवान इलेक्ट्रॉन निसटतातच, म्हणून तुझे ५ थोडे कमीच हायेत. तांब्याच्या ठोकळ्यात अरुंद, खोल भोक पाडून फॅरडे कप बनव, त्यात गेलेले इलेक्ट्रॉन सहसा बाहेर निसटत नाहीत, झोत बरोबर मोजता येते. अन् बॅटऱ्या बदलल्या की झोत आदळण्याची ऊर्जाही बदलते, एकदा ३४५, एकदा २८२. आलेखात ३०० लिहू नको.

प्रश्नकर्ता
भाऊ, तांबं मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणू का?

उत्तर २
तार नको, तिच्यावर वार्निश असते. भांडेवाल्याकडून जाड पट्टी आण.

प्रश्नकर्ता
चकती काढून पाहिली. मधोमध तपकिरी ठिपका हाय, झोताएवढाच. मी तो ॲसिटोनचा डाग समजून सोडून दिला होता.