भावाच्या मानेला कुस्तीत जबर मार लागलाय, घरात त्याच्याशी खरं बोलायचं की नाही?

मधली_ताई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल. माझा धाकटा भाऊ शाळेपासून कुस्ती खेळतो, आता कॉलेजात आहे. सरावात एका डावात उचलला गेला आणि मानेवरच पडला. मणका मोडला, ऑपरेशन करून प्लेट बसवली, पण मज्जारज्जूला मार बसलाय. कागदावर सी ६ (मानेतली सहावी पातळी), एशिया बी (मज्जारज्जूचा मार किती ते सांगणारी श्रेणी) असं लिहिलंय, म्हणजे त्या पातळीच्या खाली स्पर्श थोडाफार कळतो पण हालचाल नाही. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं, बोटं आणि पाय नाहीत. आता घरी आणलंय.

औषधं, फिजिओ सगळं चालू आहे, प्रश्न आम्हा घरच्यांचाच आहे. आईने ठरवलंय की त्याला काही कळू द्यायचं नाही, त्याच्यासमोर "सहा महिन्यांत मॅटवर उभा राहशील बघ" म्हणते आणि बाहेर येऊन रडते. बाबा त्याच्या खोलीत फारसे जातच नाहीत, दिवसभर फोनवर नवीन नवीन डॉक्टरांची चौकशी नाहीतर कोचवर राग. परवा त्याचा पाय झटक्याने आपोआप हलला तर आईने सगळ्या नातेवाईकांना फोन करून सांगितलं की सुधारणा सुरू झाली, तो मात्र काहीच बोलला नाही. काल रात्री मला विचारलं, "ताई, खरं सांग, मी परत खेळणार का?" मी म्हटलं उद्या बोलू. काय बोलू? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी प्लीज सांगा.

न्यूरो_फिजिओ

ताई, आधी पायाच्या झटक्याबद्दल, कारण यावरून फार घरांत आशा-निराशेचा खेळ होतो. त्याला स्पॅझम म्हणतात. मार लागल्यावर सुरुवातीला मज्जारज्जू काही काळ पूर्ण गप्प असतो, तो काळ ओसरला की जखमेच्या खालचे रिफ्लेक्स मेंदूच्या ताब्याशिवाय चालू होतात. त्यामुळे पाय उडतो, पण त्याने उडवलेला नसतो. "हलव" म्हटल्यावर स्नायू आवळला तर ती खरी हालचाल, तेव्हा फिजिओला लगेच सांगा. आईंना हे त्याच्यासमोर नको, वेगळं बसवून समजवा.

एशिया बी मध्ये पुढे काही हालचाल येऊ शकते, विशेषतः टाचणीची टोच कळत असेल तर शक्यता जास्त धरतात. बरीचशी सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते, नंतर वेग कमी होतो पण एकदम दार बंद होत नाही. म्हणून आज कोणी "चालेल" म्हणून लिहून देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा आणि "कधीच काही होणार नाही" म्हणणाऱ्यापासून पण.

आता एक गोष्ट जी घरचे प्रेमाने करतात आणि नुकसान होतं. बोटं आखडू नयेत म्हणून ती ताणून सरळ करत बसतात. सी ६ वाल्याचं मनगट वर उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात, त्याच पकडीवर तो पुढे चमचा, ब्रश, फोन धरणार असतो. मनगट मागे आणि बोटंही सरळ असं एकत्र ताणलं तर ती पकड सैल होते. ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं हाताने करायला शिकवतात ते) विचारल्याशिवाय बोटांना हात लावू नका.

आणि हे कागदावर लिहून पलंगाजवळ चिकटवा: अचानक ठणकणारी डोकेदुखी, चेहरा लाल, मानेवर घाम, बीपी नेहमीपेक्षा वर, असं झालं तर लगेच सरळ बसवा, पाय खाली सोडा, कपडे-पट्टे सैल करा, लघवीची नळी कुठे दुमडली का, पिशवी भरली का बघा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर मार असेल त्यांना हा धोका असतो आणि बहुतेक वेळा कारण तुंबलेली लघवी किंवा पोट असतं. अशा पेशंटचं नेहमीचं बीपीच कमी असतं त्यामुळे १४० सुद्धा त्याच्यासाठी खूप असू शकतं. उतरलं नाही तर सरळ इमर्जन्सी.

चाकांवर

मी तोच आहे ज्याच्याबद्दल तुम्ही विचारताय, म्हणजे सी ६, उथळ पाण्यात सूर मारून. बरीच वर्षं झाली.

ताई, त्याला बहुतेक सगळं माहीत आहे. पडून असताना माणूस दाराबाहेरची कुजबुज ऐकतो, चेहरे वाचतो. खोट्या धीराचा त्रास असा की मग तो स्वतःची भीती कोणाजवळ बोलू शकत नाही, कारण आईला सांभाळायचं काम पण त्याच्याच अंगावर येतं. तुम्ही त्याला असं सांगा, "पूर्वीसारखी कुस्ती होईल असं मला वाटत नाही. हात-पाय किती परत येतील ते आज डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तुला हवं तर आपण दोघं मिळून त्यांना विचारू, तुझ्यासमोर." आणि मग गप्प बसा, तो रडला तर रडू द्या, चिडला तर चिडू द्या. लगेच उपदेश नको.

दुसरं, त्याच्या अंगाला हात लावायच्या आधी विचारा. कूस बदलू का, नळी बघू का, पाहुण्यांना आत सोडू का. हे लहान वाटतं पण दिवसभर दहा जण तुमचं शरीर उचलतात-ठेवतात तेव्हा "थांब" म्हणता येणं ही एकच गोष्ट आपल्या हातात राहते. लघवी आणि पोट साफ करायचं काम शक्यतो त्याला चालेल त्या माणसाने करावं, बहिणीसमोर किंवा आईसमोर त्याला किती अवघड होतंय ते तो सांगणार नाही.

आणि सध्या पॅरालिंपिकचे व्हिडिओ दाखवू नका!! मी स्वतः आता व्हीलचेअर रग्बी खेळतो, चारही हातापायांवर परिणाम झालेल्यांसाठीच १९७० च्या दशकात कॅनडात सुरू झालेला खेळ आहे, जीव आहे माझा त्यात. पण पहिल्या महिन्यांत कोणी दाखवला असता तर मी फोन फेकला असता, फेकता येत असतं तर. तो स्वतः विचारेल तेव्हा दाखवा.

खेळाडूची_आई

तुमच्या आईबद्दल लिहिते. मुलीचा असाच अपघात झाला, जिम्नॅस्टिक्स. आईला "खोटं बोलू नको" एवढंच सांगून ती थांबणार नाही, तिला बोलायला दुसरं वाक्य द्यावं लागतं. मी "आज मी इथे आहे, आजचं बघू" एवढंच म्हणायला लागले, ते खरंही होतं.

रात्री कूस कोण बदलतं? एकटी आई करत असेल तर आधी पाळ्या लावा, झोप न झालेली बाई कोणालाच धीर देऊ शकत नाही. बाबांना काम द्या, "बोला त्याच्याशी" म्हणू नका, त्यांना ते जमणार नाही. दाढी करणं, पलंगावरून खुर्चीत घेणं फिजिओकडून शिकायला लावा, हात कामात असले की पुरुष माणसं बोलायला लागतात असं माझं मत आहे. कोचचं प्रकरण बघायचंच असेल तर बघा, पण त्याच्या खोलीत आणि त्याला न विचारता नको, तो त्याचा गुरू आहे आणि कदाचित त्याला त्यांना भेटायचं असेल.

मधली_ताई

सगळ्यांचे खूप आभार. बोलले आज त्याच्याशी, चाकांवर दादांनी लिहिलं जवळपास तसंच. बराच वेळ रडला, मग म्हणाला डॉक्टरांना मीच विचारणार, तुम्ही कोणी मध्ये बोलायचं नाही. आणि कोचना बोलवायचंय म्हणाला. बाबांना अजून सांगायचंय.

एक विचारायचं होतं, एअर बेड घेतलाय तर रात्री दर दोन तासांनी उठवायलाच लागतं का? आई आणि मी दोघी थकलोय.

न्यूरो_फिजिओ

एअर बेडने दाब कमी होतो, पण कूस बदलावीच लागते. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे बहुतेक पेशंट बेडसोअर (एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या इन्फेक्शननेच जायचे, डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविल हॉस्पिटलात दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम केला तेव्हा चित्र पालटलं. पण अंतर हळूहळू वाढवता येतं. कूस बदलताना माकडहाड, टाचा, कंबरेची बाजू टॉर्चने बघा, लाल डाग दाबून सोडल्यावर पांढरा होऊन परत लाल होतो का ते बघा. रंग बदलतच नसेल तर त्या जागेवर अजिबात झोपवू नका आणि नर्सला दाखवा. त्वचा अगदी स्वच्छ राहत असेल तर तुमच्या टीमला विचारून अडीच, मग तीन तास करून बघा. आणि आजची रात्र बाबांना उठवा.