मदत हवी आहे: नाण्यांच्या फोटोसाठी कोणती लेन्स घेऊ?

नमस्कार मंडळी, मी दारव्हा तालुक्यातला, शेती करतो. आजोबाच्या पितळी डब्यात दीडेकशे नाणी निघाली, बहुतेक जॉर्ज पंचमचे चांदीचे रुपये अन् तांब्याचे पाव आणे, त्यायचे नीट फोटो काढून ठेवायचे म्हणतो. मोबाईलनं काढले तर राजाच्या तोंडावर माह्याच हाताची सावली येते बाप्पा.

भाच्याचा कॅनन १५००डी कॅमेरा पडून हाय, संगं १८-५५ ची लेन्स. तिच्यानं नाणं लहानच येते, सालाचे आकडे क्रॉप केले की फुटतात. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा अन् लेन्सच्या मधात लावायची पोकळ नळी) स्वस्त पडते पण साध्या ट्यूबले कॅमेरा-लेन्स जोडणारे विजेचे कॉन्टॅक्ट नसतात म्हणून ऑटोफोकस जाते अन् अ‍ॅपर्चरही (उजेड आत येऊ देणारं लेन्सचं छिद्र) कॅमेऱ्यातून बदलत नाही. नाहीतर सेकंडहँड मॅक्रो (लहान वस्तू जवळून मोठी टिपणारी लेन्स), पण ६० एमएम का १००? रुपया साडेतीस मिलिमीटरचा, सेन्सरची उंची १५ च्या आसपास, म्हणजे हिशेबानं अर्धं मॅग्निफिकेशन (सेन्सरवर नाणं अर्ध्या मापाचं) पुरते ना, मग १:१, म्हणजे पुऱ्या मापासाठी पैसे काहून घालायचे? तरी १०० मध्ये लेन्स दूर राहते, लाइटाले जागा भेटते हे पटते.

चांदीवर बल्बचा चट्टा पडते, ४५ अंशात काच धरून बाजूनं लाइट टाकायची पद्धत कोणी करून पाहिली काय? स्टँड गावच्या सुताराकडून करून घेईन.

बजेट वीस हजार, तेही सोयाबीन विकल्यावर. अन् नाणी चिंचेनं घासा असं कृपया कोणी सांगू नका, दोन घासून बसलो हाय.