मदत हवी आहे: केमोनंतर उलटीचं इंजेक्शन गावात घ्यावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगडजवळचे. आईची केमो कोल्हापूरला सुरू आहे. औषध सिस्प्लॅटिन, त्यामुळे उलट्या जोरदार. केमोआधी तिथे शिरेतून ऑन्डान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारं औषध देतात, ते लागू पडतं. पण घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेजसुद्धा पोटात ठरत नाही. गावातले डॉक्टर म्हणतात, तेच इंजेक्शन मी हळूहळू शिरेतून देतो. माणूस भला आहे, पण ईसीजीचं मशीन त्यांच्याकडे नाही.

धास्ती तीच. ऑन्डान्सेट्रॉनने ईसीजीतला क्यूटी (प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या विद्युत क्रियेला लागणारा वेळ) लांबतो, ठोक्यांची लय बिघडू शकते. उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं असलं तर धोका वाढतो, आणि सिस्प्लॅटिन मॅग्नेशियमही घालवतं. त्यात आईला एस्सिटालोप्रॅमची (नैराश्य-चिंतेवरची) गोळी चालू आहे, तीही क्यूटी लांबवणारीच. ऑन्डान्सेट्रॉनने होणाऱ्या बद्धकोष्ठाचं तर विचारूच नका.

केमोच्या डॉक्टरांशी उद्या सकाळी बोलणं होईल, तोवर इंजेक्शन घेतलेलं नाही. कोणाच्या घरी असं झालंय का? आधी ईसीजी, रक्ततपासणी करायला लावली होती का? उशिराच्या उलट्यांवर दुसरं काही दिलं का? डॉक्टरांना आणखी काय विचारू? अनुभव असलेल्यांनीच सांगा, काढे नकोत.