दाताच्या डॉक्टरची भीती: नवऱ्याला खुर्चीपर्यंत न्यायचं कसं?

मृणाल: ह्यांची अक्कलदाढ ठणकतेय, पण डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलतात. गोळ्यांवर दिवस ढकलणं चाललंय. एवढा धडधाकट माणूस! काय करावं?

दंतवैद्य_ताई: आधी ते 'एवढा धडधाकट माणूस' म्हणणं सोडा. लाज वाटली की पेशंट आणखी लांब पळतो. असं कुणी आलं की मी पहिल्या भेटीत खुर्ची आडवी करतच नाही. समोर बसून विचारते, नेमकी भीती कशाची? सुईची, ड्रिलच्या आवाजाची, की तोंड उघडं असताना 'थांबा' म्हणता येत नाही याची? बऱ्याचदा हे शेवटचंच कारण निघतं. मग खूण ठरते: डावा हात वर, की मी थांबले. आणि खरंच थांबायचं, 'झालंच हं' करत रेटायचं नाही! सुईआधी हिरडीला बधिरतेचं जेल लावतो, तेही मिनिटभर तरी राहू द्यावं लागतं. घाईत पुसलं तर उपयोग शून्य.

निखिल: मला इंजेक्शन देऊनही दुखलं होतं, त्याचं काय?

दंतवैद्य_ताई: होतं तसं. सुजलेल्या जागी आम्लता वाढते, भूल नीट चढत नाही. म्हणून ठणका वाढायची वाट बघू नये. भीती मोजायला एमडीएएस ही पाच प्रश्नांची यादी असते. 25 पैकी 19 किंवा जास्त गुण म्हणजे भीती तीव्र. अशांसाठी नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे हुंगायच्या, मन शांत करणाऱ्या वायूचा पर्याय विचारा.

मृणाल: सकाळची पहिली वेळ घेतलीय, नुसतं बोलायला. हे 'बघू' म्हणालेत.