अमर्याद रजा मिळाल्यापासून माझी टीम कमी रजा घेते. काय नियम करावा?

रजेचा_अर्ज

दीड वर्षापूर्वी आमच्या कंपनीने रजेचा कोटाच काढून टाकला. आधी वर्षाला २४ दिवस असायचे, उरलेल्या रजा वर्षाअखेरीस बुडायच्या. आता हवी तेवढी घ्या, फक्त टीम लीडला विचारा. घोषणा झाली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

मी ११ जणांच्या सपोर्ट टीमची लीड. परवा सहज आकडे काढले. कोट्याच्या शेवटच्या वर्षी माणशी सरासरी २१ दिवस रजा पडली होती, गेल्या वर्षी १३. दोघांनी तर पाचसुद्धा घेतल्या नाहीत. का, ते कुणी धड सांगेना. शेवटी एक जण म्हणाला, "मॅडम, २४ होत्या तेव्हा त्या माझ्या होत्या. आता तुमच्याकडे मागायला लागतात."

दुसरी गोष्ट माझी स्वतःची, सांगायला जरा लाज वाटते. गेल्या महिन्यात एक मुलगा रजेवर होता. चौथ्या दिवशी रात्री १०.४० ला मी त्याला लिहिलं, "घाई नाही, सवडीने बघ." सहा मिनिटांत उत्तर आलं, स्क्रीनशॉट जोडून, त्यावर लाल बाण काढून. तेव्हा मला कौतुकच वाटलं. सकाळी गप्पा वर सरकवत गेले तर त्या चार दिवसांत मी "घाई नाही" पाच वेळा लिहिलेलं. पाचही वेळा तो दहा मिनिटांच्या आत हजर.

आता एचआरने माझ्याकडून एक पानाचं धोरण मागितलंय. मेडिटेशनचं अ‍ॅप त्यांनी आधीच घेऊन ठेवलंय, ते उघडायलाही कुणाला वेळ नाही. तुमच्याकडे खरोखर फरक पडला असेल तर तो नेमक्या कोणत्या नियमाने?

जमाखर्च

आधी एक हिशेबाची मेख सांगतो. रजा साठतच नाही म्हटल्यावर नोकरी सोडताना तिचे पैसे देण्याचा प्रश्नही बहुतेक ठिकाणी उरत नाही. म्हणजे कंपनीच्या वहीतलं एक देणं गेलं. टाळ्या नक्की कुणी वाजवायला हव्या होत्या, बघा.

मी बँकेत होतो. बँकांमध्ये जोखमीच्या जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग रजेवर पाठवायची पद्धत आहे, त्याने नको म्हटलं तरी. अमेरिकेत एफडीआयसी ही देखरेख करणारी संस्था १९९५ पासून सलग दोन आठवडे सुचवत आली आहे. हेतू विश्रांतीचा नाही बरं का, अफरातफर पकडण्याचा. घोळ लपवणाऱ्याला रोज जागेवर बसून तो सांभाळावा लागतो. दोन आठवडे दुसरं कुणी बसलं की उघडा पडतो.

पहिल्यांदा मला पाठवलं तेव्हा मी रुसलो होतो. माझ्यावर संशय? लॉगिन बंद, फोन करायला मनाई. परत आलो तर टेबलावर बदलीवरच्या बाईंच्या हातची यादी: "या १४ गोष्टी फक्त तुम्हालाच माहीत आहेत." कुठल्या खात्याची फाइल कुठल्या कपाटात, कोणता ग्राहक फोनवर काय बोलतो आणि त्याला म्हणायचं काय असतं, असलं सगळं. ते लिहून काढायला मला महिना लागला. पुढच्या वर्षीच्या यादीत तीनच गोष्टी होत्या, आणि त्या रजेत मला पहिल्यांदा दुपारी गाढ झोप लागली.

तुमच्या पानावर दोनच ओळी लिहा. वर्षातून एकदा सलग पाच दिवस सक्तीची रजा, लॉगिन बंद. आणि रजेच्या अर्जावर कारणाच्या रकान्याऐवजी बदलीचा रकाना, म्हणजे तोवर त्या जागी कोण बसणार त्याचं नाव.

कलमबहाद्दर

रात्रीच्या मेसेजबद्दल. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामानंतर फोन-मेलपासून तुटण्याच्या हक्कावर कामगार प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कर्मचारी कामाच्या वेळेबाहेरचा मेसेज न वाचता सोडू शकतो, त्याचा नकार अवाजवी नसेल तर. यात मेसेज पाठवायला बंदी नाही, हे ध्यानात घ्या. पोर्तुगालने २०२१ मध्ये गाठ दुसऱ्या बाजूने बांधली: विश्रांतीच्या वेळेत संपर्क टाळणं हे मालकाचंच कर्तव्य.

मला पोर्तुगालची रीत पटते. उत्तर न देण्याचा हक्क वापरायला धीर लागतो, आणि अप्रेजल तोंडावर आलं की तो धीर सगळ्यांचाच गळतो. तुमचा तो मुलगा हक्क असता तरी सहा मिनिटांतच उत्तरला असता. तेव्हा नियम तुमच्यावर हवा, त्याच्यावर नको. मेसेज सकाळी ९ साठी लावून ठेवायची सोय आता बहुतेक अ‍ॅपमध्ये आहे. रात्री खरंच आग लागली तर ऑन-कॉल एकालाच, पाळीपाळीने, आणि दुसऱ्या दिवशी त्याला उशिरा यायची मुभा.

रात्रपाळी

तुमचं सगळं टेबल-खुर्चीवाल्यांचं आहे. मी नर्स आहे. मला रात्री कुणी मेसेज करत नाही, मी रात्री कामावरच असते.

आमचं धोरण म्हणजे भिंतीवरचं रोस्टर. आधी ते शनिवारी संध्याकाळी लागायचं, सोमवारपासून लागू. मुलाच्या दाताच्या डॉक्टरची वेळ मी तीनदा बदलली, चौथ्यांदा त्यांनी फोनच उचलला नाही. आता रोस्टर तीन आठवडे आधी लागतं आणि आपसात पाळी बदलायची असेल तर दोघींच्या सह्या पुरतात, मेट्रनकडे रांग नाही. तास तेवढेच, पगार तेवढाच. पण घर चालवता येतं.

आणखी एक. युरोपीय संघात २००३ च्या कामाच्या वेळेच्या निर्देशानुसार २४ तासांत सलग ११ तास विश्रांती मिळावी लागते. संध्याकाळची पाळी संपवून पहाटेच्या पाळीला हजर राहिलेल्या कुणालाही विचारा, तो ११ चा आकडा काय असतो ते. तुमच्या सपोर्टमध्ये पाळ्या असतील तर हे आधी लिहा, रजेचं मग.

रजेचा_अर्ज

पाळ्या आहेत, दोन. रात्री ११ ला सुटून सकाळी ७ ला येणारे महिन्यातून तीन-चार जण निघतात. मी आजवर त्याकडे रजेचा विषय म्हणून पाहिलंच नव्हतं. ताई, ते सगळ्यात वर टाकलं.

सक्तीचे पाच दिवस एचआरला पटले, लॉगिन बंद करायला आयटी तयार नाही. "एखाद्या वेळी लागलं तर?" म्हणे. कळलं ना, कुठे अडलंय ते.

बदलीचा तक्ता काल भरायला घेतला. नऊ जणांच्या नावासमोर नावं आली. एक जण नवा आहे, तिसराच महिना, त्याला कुणाची बदली द्यावी की नाही कळत नाही. कुणी दिली असेल तर सांगा. आणि माझ्यासमोरचा रकाना कोराच आहे. तिथे कुणाचं नाव घालायचं हे विचारायला मीच रात्री साडेदहाला मेसेज टाइप करत होते. लावून ठेवलाय, सकाळी ९ ला जाईल.