मदत हवी आहे : बोलोन्यात तीन दिवस पायी फिरणे आणि सान लुकाची चढण

नमस्कार.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी इटलीतील बोलोन्या शहरात तीन दिवस मुक्काम करणार आहोत आणि हे तिन्ही दिवस शहर पायीच पाहावे अशी आम्हा दोघांची इच्छा आहे. माझे वय ६४ आहे, पत्नीचे ६१. दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. सपाट रस्त्यावर ती रोज चार किलोमीटर सहज चालते. त्रास होतो तो पायऱ्या उतरताना. एकेकाळी आम्ही दर रविवारी सिंहगड चढत असू, त्यामुळे ‘तू खाली थांब, मी वर जाऊन येतो’ असे तिला सांगणे मला जमत नाही, आणि सांगायचेही नाही.

बोलोन्या निवडले ते तिथल्या पोर्तिकोंमुळे. रस्त्याच्या कडेने घरांच्या वरच्या मजल्याखालून जाणाऱ्या, खांबांवर तोललेल्या या वाटा सगळ्या शहरात मिळून ६२ किलोमीटर भरतात, आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. विद्यापीठामुळे शहरात दाटी वाढली, तेव्हा लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि त्यांना खालून खांबांचा आधार दिला. पुढे १२८८ च्या ठरावाने नव्या घरांना पोर्तिको बांधणे सक्तीचे झाले, आणि खालून घोडेस्वार जाऊ शकेल इतकी उंची ठेवण्याचा दंडकही आला. जागा घरमालकाची, पण वावर सगळ्यांचा. आपल्या वाड्यांच्या ओसऱ्या एकमेकींना जोडून त्यांतून गावभर फिरता आले असते तर कसे वाटले असते, तसे काहीसे मी मनाशी कल्पिले आहे. ऊन-पाऊस लागत नाही आणि शहराचा मध्यभाग बव्हंशी सपाट आहे, म्हणून गुडघ्याच्या दृष्टीने हे शहर आम्हांला सोयीचे वाटले.

खरा प्रश्न सान लुकाचा आहे. सारागोत्सा वेशीपासून टेकडीवरच्या सान लुका या मेरीमातेच्या देवळापर्यंत ६६६ कमानींचा सलग पोर्तिको जातो. त्याची लांबी पावणेचार किलोमीटरच्या आसपास आहे. बांधकाम १६७४ मध्ये सुरू झाले, ते यात्रेकरूंना पावसापासून आडोसा मिळावा म्हणून. मे महिन्यात तिथली मेरीमातेची प्रतिमा मिरवणुकीने शहरात आणतात, हे वाचल्यावर पत्नीला आपल्या पालखीची आठवण झाली आणि तेव्हापासून ही वाट स्वतःच्या पायांनी चढायचीच, असे तिने ठरवले आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या मेलोन्चेल्लोच्या कमानीपर्यंतचा पहिला भाग सपाट आहे. तिथून पुढे सुमारे दोन किलोमीटरमध्ये दोनशे मीटरच्या वर चढायचे आहे. काही ठिकाणी पायऱ्यांविना चढत जाणारी फरसबंदी आहे, काही ठिकाणी पायऱ्या.

मागच्या मे महिन्यात लिस्बनमध्ये आम्ही नकाशावरचे ‘आठशे मीटर’ पाहून निघालो. ते अंतर खरे होते, पण सगळी चढणच होती, आणि परतताना तिचा गुडघा असा सुजला की पुढचे दोन दिवस खोलीतच काढावे लागले. म्हणून या वेळी मला अंतर नको, वाटेची प्रकृती हवी आहे. ज्यांनी ही वाट स्वतः चढली आहे त्यांनी कृपया सांगावे : पायऱ्या उंच आहेत की बुटक्या? धरायला कठडा सलग आहे का? मधल्या पंधरा छोट्या प्रार्थनास्थळांपाशी बसायला जागा मिळते का? आमचा बेत चढताना पायी जाण्याचा आणि उतरताना मुख्य चौकातून येणारी पर्यटकांची छोटी गाडी पकडण्याचा आहे. वरून केवळ परतीचे तिकीट मिळते का, हे कळल्यास फार बरे होईल.

दुसरी शंका सान पेत्रोनिओ या मोठ्या चर्चविषयी आहे. तिथे खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ मध्ये आखलेली मध्यान्हरेषा आहे. ६६ मीटरहून लांब. छताजवळच्या लहानशा भोकातून आलेला उन्हाचा कवडसा ऐन माध्यान्ही तिच्यावरून सरकतो. मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे हा कवडसा पत्नीसोबत उभे राहून पाहणे ही माझ्यासाठी या प्रवासातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. बोलोन्याच्या रेखांशानुसार आणि उन्हाळी वेळ धरून, त्या आठवड्यात माध्यान्ह घड्याळात एक वाजून तीन-चार मिनिटांनी होईल असे माझे गणित सांगते. नेमक्या त्या वेळी चर्च दुपारच्या विश्रांतीसाठी बंद असते का? शिवाय ४ ऑक्टोबर हा संत पेत्रोनिओचा, म्हणजे नगराच्या रक्षक संताचा दिवस. त्या दिवशी प्रार्थनेमुळे इतरांना आत जाता येत नसेल, तर आम्ही दुसरा दिवस धरू.

असिनेल्ली मनोऱ्याच्या ४९८ पायऱ्यांचा विषयच नाही, कारण शेजारच्या कललेल्या गारिसेंडा मनोऱ्याच्या कामामुळे तो बंद आहे. सान्तो स्तेफानोच्या चौकात मात्र गोल गोट्यांची फरसबंदी आहे आणि गुडघ्याला तीच सर्वांत वाईट. त्यातून चर्चच्या दारापर्यंत सपाट दगडांची पट्टी जाते का?

आम्ही शाकाहारी आहोत, अंडे चालते. तोर्तेल्लिनी या सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात मांस असते आणि ‘क्रेशेंतीने’ नावाच्या पुरीसारख्या रोट्या चरबीत तळण्याची पद्धत आहे, एवढे ठाऊक आहे. रिकोत्ता चीज भरलेला तोर्तेल्लोनी हा मोठा पास्ता लोणी आणि सेज या सुगंधी पानांसोबत मागितला तर सोबत मांसाचा रस येत नाही ना?

मुक्काम मुख्य चौकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. सान लुकाला पहिल्या दिवशी ताज्या पायांनी जावे, की दोन दिवस सपाटीवर चालून पाय मोकळे झाल्यावर तिसऱ्या दिवशी? पत्नी पहिला दिवस म्हणते, मला मधला बरा वाटतो, म्हणजे तिसऱ्या दिवशी विश्रांती घेता येईल. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अशी वाट चाललेल्या कोणाचा अनुभव असेल तर तो अवश्य लिहावा. तिकिटे काढून झाली आहेत, पण दिवसांची आखणी अजून आमच्या हातात आहे.