बेडफर्ड, कॉमेट आणि त्या चालवणारी माणसं : तुमच्या आठवणी लिहा

कृष्णाकाठ
काल पाण्याच्या टाकीसाठी कराडजवळ एका भंगारवाल्याकडे गेलो होतो. मागच्या कोपऱ्यात जुन्या बेडफर्ड ट्रकचं तोंड पडलेलं. गोल नाक, बॉनेटवरची अर्धी अक्षरं गेलेली, इंजिनाच्या जागी घाणेरीचं झुडूप. टाकी राहिली बाजूला, मी तिथंच उभा.

आमचे थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, साठच्या दशकात बेडफर्डवर होते. कोल्हापुरातून गुळाच्या ढेपा भरायच्या आणि मुंबईला दाणाबंदरात उतरवायच्या. वाटेत खंबाटकी, मग कात्रज, मग बोरघाटाचा उतार. मालकाची गाडी, पण तात्यांचा जीव तिच्यात. गावात आले की आधी गाडीला पाणी, मग स्वतःला.

तात्यांकडून एक गोष्ट मी शिकलो. इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलभोवती आवळायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला की अंगठा गेलाच. त्यांच्या एका जोडीदाराचा वाकडा अंगठा दाखवून त्यांनी मला हे सांगितलं होतं.

या विलायती गाड्यांवरच्या ड्रायव्हर-क्लीनरांबद्दल कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा धागा. घरात कुणी असेल तर लिहा.

मालती_क
वडील कॉमेटवर होते, लेलँडच्या ट्रकवर. लिहिते नक्की. आत्ता कुकर लावलाय, नातू शाळेतून यायचाय.

वाईकर
खंबाटकी म्हटलं की ओलं फडकं आठवतं! पेट्रोलची बेडफर्ड उन्हात चढाला लागली की पेट्रोल पंप तापायचा, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी धापा टाकत बंद. मग क्लीनरनं पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि सगळ्यांनी झाडाखाली बसायचं. भरलेली गाडी पहिल्या गिअरात, क्लीनर हातात लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालतोय. गाडी थांबली की ठोकळा चाकाखाली. ब्रेकवर भरवसा कुणाचाच नव्हता. आता साताऱ्याकडून येताना बोगद्यातून दोन मिनिटांत पार होतो आपण.

मिस्त्रीचा_मुलगा
म्हणून तर बेडफर्डचं पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचं पी-६ डिझेल बसवायचे. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीनं ते इंजिन आपल्याकडे बनवायला घेतलं आणि पेट्रोलवाल्यांना सुटका मिळाली. बाबांच्या गॅरेजात हेच काम चालायचं. माउंटिंग बदला, सायलेन्सर बदला, रेडिएटर पुढे सरकवा. पी-६चा आवाज करकरीत, लांबून कळायचा.

नवीन मुलांसाठी डबल क्लचबद्दल सांगतो. त्या गिअरबॉक्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरच्या दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हती. खालचा गिअर टाकायचा तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस द्यायची, परत क्लच दाबून गिअर. रेस किती द्यायची ते कानानं ठरवायचं. कमी पडली की दात खरखरणार आणि घाटात गिअर बसला नाही तर गाडी मागे. चांगला ड्रायव्हर गिअर बदलतोय हे शेजारी बसलेल्याला कळायचंसुद्धा नाही. बाबा ड्रायव्हरची पारख यावरच करायचे.

सुनीलदा
@मिस्त्रीचा_मुलगा गॅरेज कुठं होतं? कोल्हापुरात शाहूपुरीत का?

मिस्त्रीचा_मुलगा
नाही हो, सांगलीला.

पनवेलची_पोर
बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय आमचे मामा पुढं जात नसत. गाडी थांबवायची नाही, खिडकीतूनच टाकायचं. मी मांडीवर, नाणं माझ्या हातात द्यायचे.

लँकेशायरहून
मी प्रेस्टनला असतो. लेलँड हे गाव इथून अगदी जवळ. कंपनीचं नाव गावावरूनच पडलंय. १८९६मध्ये वाफेच्या गाड्यांपासून सुरुवात झाली. आता तिथं जुन्या ट्रक-बसचं संग्रहालय आहे, आईबाबा आले की मी त्यांना घेऊन जातो. बाबा प्रत्येक गाडीचं दार उघडून बघायला मागतात.

पण लिहायचंय ते शेजारच्या आजोबांबद्दल. वय नव्वदीकडे. हे लेलँड ऑक्टोपस चालवायचे, आठ चाकी. (लेलँडनं नावंच अशी ठेवलेली, ऑक्टोपस, हिप्पो, बीव्हर, बायसन.) सरकारनं युद्धानंतर मालवाहतूक ताब्यात घेऊन ब्रिटिश रोड सर्व्हिसेस काढली होती, तिच्या लाल गाडीवर ते तरुणपणी होते. जड लॉरीला १९५७पर्यंत ताशी २० मैलांची मर्यादा, त्यानंतर ३०. मँचेस्टरहून ग्लासगोला जायचं तर शॅपची चढण, ए-६ रस्ता, माथा जवळपास १४०० फुटांवर. उंची आपल्या घाटांहून कमीच, पण बर्फ आणि वारं. बऱ्याच केबिनला हीटर नव्हता. इंजिन डाव्या हाताला केबिनमध्येच, त्यामुळे डावा पाय भाजायचा आणि उजवा बधिर व्हायचा. पायाला गोणपाट गुंडाळायचे म्हणे. खालच्या अंगाला जंगल कॅफे नावाची चहाची जागा होती, तिथं सगळ्या ड्रायव्हरांची गाठ पडायची. पुढे कोण अडकलंय, रस्ता कुठं बंद आहे, सगळी खबर तिथं मिळायची.

१९७०मध्ये तिथं एम-६ मोटरवे झाला आणि तो रस्ता ओस पडला. पण शॅपच्या माथ्यावर एक दगड बसवलाय. त्यावर त्या ड्रायव्हरांची आठवण आहे, रस्ता राखणाऱ्यांची आहे आणि बर्फात अडकलेल्यांना घरात घेऊन खाऊपिऊ घालणाऱ्या गावकऱ्यांचीही आहे. मी तो वाचला तेव्हा खंबाटकीच आठवली. आपल्याकडे असा एक दगड हवा, मनापासून वाटतं.

वाईकर
@लँकेशायरहून काय लिहिलंत! गोणपाट आमच्याकडेही, पण सीटवर. पत्रा तापायचा ना.

नगरी_माणूस
जरा विषयांतर. एसटीची पहिली गाडीपण बेडफर्डच. १ जून १९४८, नगर-पुणे. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. आमच्या नगरला हे शाळकरी पोरालाही माहीत असतं.

सुनीलदा
मी तर पहिली एसटी लेलँड समजत होतो.

नगरी_माणूस
नाही नाही, बेडफर्ड. लाकडी बॉडीची. लेलँड नंतर आल्या. मद्रासजवळ एन्नोरला अशोक मोटर्स १९४८मध्ये निघाली ती ऑस्टिन गाड्यांसाठी. १९५५मध्ये तिचं अशोक लेलँड झालं.

भंडारेकर
गिअरबॉक्सचा विषय निघालाच आहे तर, अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना आमच्या भंडाऱ्याला. माझा भाऊ तिथूनच निवृत्त झाला. त्याला हा धागा पाठवलाय, टायपिंग जमत नाही म्हणतो, फोनवर तासभर बोलला. सिंक्रोमेश आल्यावर जुने ड्रायव्हर नाराज होते, नवीन गाडीवरही सवयीनं डबल क्लचच मारायचे, असं सांगत होता.

मालती_क
आले. नातू झोपला.

आमचे अण्णा कॉमेटवर, मुंबई-आग्रा रोडला. कसाऱ्याचा घाट त्यांचा रोजचा. आई रात्री अंथरुणात पडल्या पडल्या रस्त्यावरची गाडी ओळखायची. "ही आपली नाही" म्हणून कूस बदलायची. आपली असली की उठून चुलीवर पाणी ठेवायची. आवाजात नेमकं काय वेगळं ते तिला सांगता यायचं नाही. मला तरी सगळ्या कॉमेट सारख्याच वाटायच्या.

स्टेअरिंग फार जड. अण्णांचे दंड पैलवानासारखे झालेले आणि खांदे पन्नाशीतच कामातून गेलेले. शेवटी शेवटी सदरा घालायला आई मदत करायची. एकदा घाटात ब्रेक गेला तेव्हा त्यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घासत घासत थांबवली. क्लीनरला आधीच उडी मारायला लावलं, स्वतः आत राहिले. तो क्लीनर अण्णांच्या दिवसांना सगळ्यात आधी हजर होता. मालकानं दुरुस्तीचे पैसे पगारातून कापले. हे मी कधी विसरणार नाही.

पनवेलची_पोर
मालतीताई 🙏 पगारातून कापले वाचून संताप आला.

कृष्णाकाठ
मालतीताई, खूप बरं केलंत लिहिलंत. तात्यांचेही खांदे तसेच होते. हल्लीच्या पॉवर स्टेअरिंगवाल्यांना कळायचं नाही.

@लँकेशायरहून, आजोबांना एक विचारा ना. ताडपत्रीवरून दोर आवळताना तात्या मध्ये एक फास पाडायचे, दोर त्यातून ओवून खाली खेचायचे. एकट्या माणसाला भरलेला हौदा गच्च आवळता यायचा, आणि सोडताना फास निघाला की झटक्यात मोकळा. तिकडे असं काही होतं का?

लँकेशायरहून
आत्ताच कुंपणावरून विचारून आलो. होतं! ते त्याला डॉली म्हणतात. घरातून दोर आणून गेटला बांधून दाखवली. तुमच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतेय. व्हिडिओ काढलाय, संध्याकाळी टाकतो.

वाईकर
टाकाच! मी ट्रॉलीला ऊस बांधताना अजून हीच गाठ मारतो.

सुनीलदा
@कृष्णाकाठ भंगारवाला त्या तोंडाचे किती मागतोय? भाचा जुन्या गाड्या जमवतो, चेसी नंबर मिळाला तर तो येऊन बघेल.

कृष्णाकाठ
किलोच्या भावानं देतो म्हणाला. उद्या परत जातोय, झुडूप तोडून नंबर शोधतो. पाण्याची टाकीपण आणायचीय.